पंचावन्न हजारांचा खोका

हॉलमध्ये गेम खेळायला कन्सोल घ्यावा की पीसी, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्या खिशात पैसे नसतात. ज्याच्या खिशात असतात त्याला एवढंच वाटत असतं की हे खूळ दहावी होईपर्यंत पुढे ढकलता आलं तर बरं. आणि निर्णय जिच्या हातात असतो ती या दोघांच्या चर्चेत भागच घेत नाही. ती फक्त विचारते, "ते ठेवणार कुठे?" जगभरच्या तज्ज्ञांनी दोन्ही यंत्रांचे टेराफ्लॉप मोजून ठेवलेत. हा प्रश्न मात्र त्यांच्या एकाही तक्त्यात सापडत नाही.

तेव्हा या आठवड्यात तक्ता आपणच भरू. पहिला रकाना खोटेपणाचा.

"बाबा, पीसी घेतला ना, तर त्यावर अभ्यासही होतो." पेंटियमच्या काळापासून हे वाक्य घराघरांत चालत आलंय. बाबांना ते खोटं आहे हे पक्कं ठाऊक असतं, कारण त्यांनी ते त्यांच्या बाबांना ऐकवलेलं असतं आणि त्या अभ्यासाच्या पीसीवर 'रोड रॅश'मध्ये पुढच्या मोटारसायकलवाल्याला साखळीने बडवलेलं असतं. तरीही वाक्य खपतं. मुळात ते नातेवाइकांसाठी असतं. मुलाला लाखाचा व्हिडिओ गेम घेऊन देणारा बाप उधळ्या, लाखाचा कॉम्प्युटर घेऊन देणारा दूरदृष्टीचा! ग्राफिक कार्डाचं बिल शिक्षणाच्या खर्चात बिनबोभाट मुरतं. कन्सोलला तशी सोय नाही. त्याच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं की हे खेळायला आहे.

अडचण अशी की अभ्यासाचा पीसी हॉलमध्ये नसतो. पंचावन्न इंची टीव्हीवर, सोफ्यावरून, दहा फुटांवर बसून एक्सेलचे चौकोन वाचून दाखवा आणि मग बोलू. पीसी हॉलमध्ये आणला त्या क्षणी अभ्यासाची सबब मेली. उरतो तो एक महागडा गेम, ज्याला कीबोर्डही लागतो.

आता पैसे. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत होती ४९,९९० रुपये. शहाणी माणसं म्हणाली, थांबा, उतरेल. आधीच्या काळात उतरायचीही. अमेरिकेत २९९ डॉलरला आलेला प्लेस्टेशन २ पुढे ९९ डॉलरवर आला होता. यावेळी थांबलेल्यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० मोजावे लागले. यंत्र जुनं होतंय आणि भाव चढतोय, असं एरवी फक्त पुण्यातल्या जुन्या फ्लॅटचं होतं.

शिवाय हा नुसता प्रवेशाचा भाव. कन्सोलचा धंदा प्रिंटरसारखा आहे: यंत्र परवडेल असं द्यायचं आणि शाईत वसूल करायचं. सोनीने पहिले काही महिने ४९९ डॉलरचा प्लेस्टेशन ५ तोट्यात विकला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तोटा थांबल्याचं सांगितलं. त्यांना घाई नव्हती, शाईचे पैसे येतच होते. नव्या मोठ्या गेमची किंमत सुरुवातीपासूनच ४,९९९ रुपयांच्या घरात. विकत घेतलेले बहुतेक गेम दुसऱ्या शहरातल्या मित्राबरोबर खेळायचे तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी वेगळी. म्हणजे इंटरनेटचे पैसे एकदा कंपनीला द्यायचे आणि ते वापरण्याच्या परवानगीचे दुसऱ्या कंपनीला. 'फोर्टनाइट'सारख्या फुकट गेमना एवढी सूट आहे.

पीसीवर हा जाच नाही. ऑनलाइन खेळणं फुकट. स्टीम या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती दिसतात आणि सेलमध्ये जुने चांगले गेम दोन वडापावांच्या पैशांत मिळतात. एपिकचं दुकान २०१८ च्या डिसेंबरपासून नेमाने फुकट गेम वाटतंय. परिणाम व्हायचा तोच होतो. पीसीवाल्याकडे तीनशे गेम असतात आणि खेळतो तो एकच, तोही फुकटातला.

पण त्या पीसीपर्यंत पोचायचं कसं? प्रत्येक खानदानात एक भाचा असतो जो "मी असेंबल करून देतो, ब्रँडेड घेऊ नका" म्हणतो. तो लॅमिंग्टन रोडचं कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवतो. सकाळी आकडा साठ हजार असतो. दुपारी "एसएमपीएस जरा बरा घेऊ" होतं, संध्याकाळी "एवढं केलंच आहे तर कार्ड एक पायरी वरचं", आणि रात्री झोपताना घरमालक एक लाख दहा हजारांकडे बघत असतो. त्यात दुकानदार रॅमचा भाव सांगतो आणि पुढे म्हणतो, "आजच्यापुरता हं." तो थापा मारत नसतो. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप्स गिळायला घेतल्यापासून २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव कडाडले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये 'क्रुशल' हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ज्या एआयने तुमच्या मुलाची नोकरी जाणार म्हणतात, त्याने आधी त्याची रॅम नेली.

बरं, भाच्याचं ऐकून आलं सगळं. काचेचं कॅबिनेट, ज्याला घरातले सगळे 'सीपीयू' म्हणतात, टीव्हीशेजारी ठेवलं. आत सप्तरंगी दिवे पेटले. आईचा पहिला प्रश्न: "हे बंद होतात का?"

इथून पुढचा प्रसंग जरा जवळून बघण्यासारखा आहे. एचडीएमआयची वायर जोडली. टीव्ही आपोआप सुरू होत नाही, कारण बहुतेक ग्राफिक कार्डांना टीव्हीला उठवता येत नाही. मग रिमोट शोधा, सोर्स बदला. पडदा उजळतो आणि पिन मागतो. कीबोर्ड मांडीवर, माउस सोफ्याच्या हातावर, तिथून तो गादीच्या फटीत. विंडोज उघडतं. खालची टास्कबार अर्धी कापलेली, कारण टीव्ही चित्र किंचित फुगवून दाखवतोय. ती सेटिंग टीव्हीच्या मेन्यूत कुठेतरी खोल गाडलेली असते. अक्षरं मुंगीएवढी. स्केलिंग वाढवलं तर गेमची खिडकी पडद्याबाहेर. चित्र जमलं तर आवाज नाही: आवाज अजून हेडफोनच्या भोकातून निघतोय, जिथे काहीच लावलेलं नाही. तो टीव्हीकडे वळवला. कंट्रोलर ब्लूटूथला जोडला. स्टीमचा मोठ्या पडद्यासाठीचा अवतार सुरू केला, तो खरंच देखणा आहे, कंट्रोलरवर छान चालतो. गेम निवडला. आणि गेमच्या आधी त्या गेमच्या कंपनीचं स्वतःचं एक खिडकुलं उघडलं, पासवर्ड मागत. त्याला कंट्रोलर कळत नाही. माउस गादीत. माउस मिळाला तर गेम म्हणतो, शेडर्स तयार होतायत, थांबा. तोवर खेळायला आलेला चुलतभाऊ मोबाइलवर बीजीएमआयची एक मॅच संपवून, चिवडा खाऊन घरी गेलेला असतो.

पीसीवाले यावर म्हणतील, हे सगळं एकदाच करावं लागतं. बरोबर. पुढचा अपडेट येईपर्यंत एकदाच.

कन्सोलवर काय होतं? बटण दाबलं, टीव्ही स्वतःहून लागला, गेम कालच्या जागेवरून सुरू. या एका वाक्यासाठी लोक पंचावन्न हजार मोजतात आणि मोजावेत. अर्थात या सोयीलाही दात आहेत. आजीची मालिका ऐन वळणावर आलेली असताना नातवाने चुकून कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं की टीव्ही मालिका टाकून प्लेस्टेशनकडे पळतो. सूनबाईचं गुपित फुटायच्या क्षणी पडद्यावर निळा उजेड. त्यानंतर घरात जे होतं त्याला वॉरंटी नाही.

आणि वीज गेली तर? कन्सोल पुन्हा लावल्यावर बजावतो की यंत्र नीट बंद केलेलं नव्हतं, पुढच्या वेळी काळजी घ्या, आणि बसतो आपली साठवण तपासत. केलं महावितरणने, ऐकायचं आपण. विजेच्या बिलाची भीती मात्र कुणी घालू नये. प्लेस्टेशन ५ खेळताना साधारण दोनशे वॉट खातो. रोज दोन तास धरले तर महिन्याला बारा युनिट; दोन किलोवॉटचा गीझर रोज बारा मिनिटं चालला तरी तेवढंच होतं. तगडं कार्ड घातलेला पीसी याच्या दुप्पट सहज जातो. एनव्हिडियाचं २०२५ मधलं आरटीएक्स ५०९० हे एकटं कार्डच ५७५ वॉटचं आहे. आंतरजालावर सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. स्टीमच्या पाहणीत दिसतं की बहुतेक खेळाडू त्याच्या कितीतरी खालच्या कार्डांवर, साध्या फुल एचडी पडद्यावर सुखाने खेळतायत.

आकड्यांच्या फुशारक्यांत कन्सोलवालेही मागे नाहीत. पहिल्या प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर '८के' छापलेलं होतं. आठ के दाखवणारा टीव्ही आपल्या इमारतीत कुणाकडे नाही, आणि त्या दर्जाचे गेमही जवळपास नव्हतेच. २०२४ मध्ये तो आकडा खोक्यावरून निघून गेला. त्याच वर्षी प्लेस्टेशन ५ प्रो जगात आला, भारतात नाही. कारण ऐकाल तर हसाल: त्यातलं नवं वाय-फाय ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं, तो पट्टा तेव्हा भारतात खुला नव्हता. सगळ्यात ताकदवान कन्सोल दारात अडला तो ग्राफिक्समुळे नाही, परवान्यामुळे. याला म्हणतात स्थानिक अनुभव.

तरीही एक सल्ला फुकट. तुम्ही काहीही घ्या, आधी टीव्हीचा 'गेम मोड' लावा. आपले टीव्ही क्रिकेट आणि मालिका गुळगुळीत दिसाव्यात म्हणून प्रत्येक चित्रावर संस्कार करत बसतात. त्यात वेळ जातो, आणि तुम्ही उडीचं बटण दाबल्यावर गडी दरीत पडून झाल्यावर उडी मारतो. पोरगं म्हणतं गेम खराब, बाप म्हणतो पोरगं खराब. खराब असतो तो टीव्हीचा एक मेन्यू. आणि टीव्हीच्या जाहिरातीत १२० दिसलं म्हणून भाळू नका. 'मोशन' असा शब्द शेजारी असेल तर पडदा बहुधा साठचाच असतो.

जागेचं म्हणाल तर पहिला प्लेस्टेशन ५ उभा ठेवला तर एकोणचाळीस सेंटिमीटर उंच, वजन साडेचार किलो. आपल्याकडच्या टीव्ही युनिटचा खण सुताराने सेट-टॉप बॉक्सचं माप घेऊन केलेला असतो. त्यात तो आडवा कोंबायचा आणि वर काचेचं दार लावायचं, म्हणजे तो तापतो, मग पंखा ओरडतो, मग "आवाज करतो हो" म्हणून तक्रार. दार काढा. सुताराला वाईट वाटू द्या.

मधला मार्ग काढणारे असतातच. पीसीच, पण कन्सोलसारखा खोका. स्टीमवाल्या व्हॉल्व्हने २०१५ मध्ये 'स्टीम मशीन' काढून बघितलं होतं, आपटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच नावाने नवा ठोकळा जाहीर केला. कल्पना चांगली आहे. पण ही कंपनी आपला हातातला स्टीम डेक २०२२ पासून विकतेय आणि भारताला तिने अधिकृत गिऱ्हाइकांत धरलेलं नाही. तो इथे येतो तो न्यू जर्सीच्या मावसभावाच्या बॅगेतून, आणि वॉरंटी न्यू जर्सीतच राहते. निन्टेन्डोच्या स्विचचं तसंच. तो कधी अधिकृतपणे भारतात आला नाही, तरी मुंबईत हीरा पन्नात कायम मिळत आला. गंमत म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' हा गेम, ज्यात नायिका भारतीय, देवदेवता आपल्या, भिंतींवरची नक्षी आपली, तो ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी आला कशावर? स्विचवर. पुण्यात बनलं आणि पुण्याच्या दुकानात मिळेना. पीसी आणि बाकीचे कन्सोल ऑक्टोबरात.

आणखी एक भांडण कुठल्या गटात जायचं याचं. "सोनीचे गेम सोनीवरच" म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं मैत्र्या तोडल्या, त्यांच्या डोळ्यांदेखत 'गॉड ऑफ वॉर' जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर गेला आणि 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' मे २०२४ मध्ये. ज्या 'हेलो'च्या नावाने एक्सबॉक्सवाले २००१ पासून छाती पुढे काढून चालले, तो २०२६ मध्ये प्लेस्टेशनवर येणार असं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं. नेत्यांची युती झाली, कार्यकर्ते अजून भिंती रंगवतायत. महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायला नको.

अपवाद एकच, आणि तो मोठा आहे. जीटीए. पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला. पीसीवाल्यांनी एप्रिल २०१५ पर्यंत वाट पाहिली. सहाव्यासाठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीबद्दल चकार शब्द नाही. ज्यांना पहिल्या दिवशी खेळायचंय त्यांनी हा लेख इथेच ठेवावा आणि दुकान गाठावं.

पण माझं खरं म्हणणं या कशाबद्दलच नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी जो व्हिडिओ गेम आला, तो म्हणजे बहुतेक वेळा जपानी फॅमिकॉमची बिनपरवाना नक्कल. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम मोजून डझनभर, बाकी तेच नाव बदलून. कॅसेट चालली नाही की काढून फुंकायची. सगळं नकली होतं, पण खोक्यात दोन रिमोट यायचे. आम्ही त्यांना रिमोटच म्हणायचो. 'काँट्रा' दोघांनी खेळायचा, आपले प्राण संपले की दुसऱ्याचे घ्यायचे आणि त्यावरून भांडायचं. आईला जेवायला हाक मारताना दोन नावं घ्यावी लागायची.

आज पंचावन्न हजारांच्या खोक्यात कंट्रोलर येतो एक. दुसरा हवा तर वेगळे पैसे; हा डुअलसेन्स कंट्रोलर भारतात आला तेव्हा ५,९९० रुपये. आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. एक लाख दहा हजारांचा पीसी बांधणारे तर दुसऱ्या कंट्रोलरचं नावच काढत नाहीत. मग हॉलमध्ये एकजण खेळतो आणि बाकीचे बघतात, किंवा बघत नाहीत आणि आपापल्या मोबाइलवर जातात. एकट्याने खेळायचं असेल तर हॉल अडवायचा कशाला? बेडरूममधलं टेबल, खुर्ची, हेडफोन आणि पीसी, यासारखं सुख नाही. नेमबाजीचे गेम माउसवरच खेळावेत. डावपेचांचे गेम तर कंट्रोलरवर खेळूच नयेत. तिथे पीसीला तोड नाही, आणि त्यावर अधूनमधून अभ्यासही होऊ शकतो, अपघाताने.

हॉलमधला गेम मात्र शेजारी बसलेल्या माणसाबरोबर खेळायचा असतो. २०२१ चा 'इट टेक्स टू' तर एकट्याला खेळताच येत नाही. नवरा-बायकोचं भांडण मिटवायचा गेम आहे, पडदा मधोमध दुभागलेला, दोघांनी मिळूनच पुढे जायचं. नवरा-बायकोने सोफ्यावर बसून तो खेळावा आणि मग कुठल्या यंत्राच्या फ्रेम जास्त यावर वाद घालून दाखवावा. फुटबॉल, 'टेकन', मोटारींच्या शर्यती यांचंही तेच. या कामाला हवं असतं न कुरकुरता सुरू होणारं यंत्र. फ्रेम तीस मिळाल्या की साठ, हे हरलेला विचारतो.

तेव्हा निकाल असा. हॉलसाठी कन्सोल. घ्यायचा तर डिस्कवाला. थोडे पैसे वाचवून डिजिटल घेतलात तर पाच हजारांचा गेम कंटाळा आल्यावर विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, आणि भाव ठरवणारं दुकान जगात एकच उरतं. नवे गेम आल्याच्या महिन्यात घेऊ नका, जुन्या डिस्क फिरवा. वरच्याच भावांनी हिशेब आधीच मांडा: ५४,९९० चं यंत्र, ५,९९० चा दुसरा कंट्रोलर, तीन नवे गेम, म्हणजे पाऊण लाखाच्या वर. एवढे नसतील तर थांबा, पण दुसरा कंट्रोलर कापून आकडा जुळवू नका. घरात कामाचा पीसी घ्यायचाच आहे आणि पैसे एकाच खरेदीचे आहेत, तर पीसी घ्या, टेबलावर ठेवा आणि हॉलचा हट्ट सोडा.

आणि दुकानात पैसे भरण्याआधी घरी फोन करून टीव्हीच्या मागे मोकळी एचडीएमआय पोर्ट किती आहेत ते विचारा. एक सेट-टॉप बॉक्सने घेतलेलं असतं, एक साउंडबारने, आणि तिसरं भिंतीकडे असतं, जिथे हात पोचत नाही.